कथा हाताशी, सिनेमा गायब

एखादा सिनेमा हरवतो तेव्हा नेमकं काय हरवतं? प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही, आणि तो तपासून पाहायला १९२५ सालच्या 'किस मी अगेन' या अमेरिकी मूकपटाइतकं सोयीचं उदाहरण क्वचितच मिळेल. हा सिनेमा कुणी काढला, कुणी लिहिला, कॅमेरा कुणी चालवला, कुणी कुठली भूमिका केली, सगळं नोंदलेलं आहे. तो ज्या फ्रेंच नाटकावरून घेतला, ते नाटक आजही वाचता येतं. त्याच दिग्दर्शकाने सोळा वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा बोलपट म्हणून चित्रित केली, तो बोलपट सहज पाहायला मिळतो. नाही तो फक्त मूळ मूकपट. त्याची एकही प्रत आज जगाला ठाऊक नाही. एवढा ऐवज शिल्लक असताना हळहळण्यासारखं ते काय, असं कुणालाही वाटेल. कथा आहे, दिग्दर्शकाची शैली माहीत आहे, उरलेलं कल्पनेने भरून काढावं. माझं म्हणणं असं की प्रेमाच्या विनोदी सिनेमात नेमकं हेच करता येत नाही. युद्धपट, भयपट, पौराणिक चित्रपट यांचं काही ना काही वर्णनातून हाती लागतं. नवरा-बायकोच्या रुसव्या-फुगव्यांवरचा सिनेमा गेला की कथेचा सांगाडा मागे राहतो आणि ज्यासाठी लोकांनी तिकीट काढलं होतं ते सारं जातं.

दिग्दर्शक होता अर्न्स्ट लुबिच. जन्म १८९२, बर्लिन. बाप शिंप्याच्या धंद्यात. मुलाने मॅक्स राइनहार्टच्या नाटक मंडळीत छोटी कामं करत करत सिनेमा गाठला. १९२२च्या अखेरीस मेरी पिकफर्डने त्याला हॉलिवूडला बोलावलं, तिच्यासाठी त्याने 'रोझिटा' केला आणि मग वॉर्नर ब्रदर्सशी करार केला. वॉर्नर तेव्हा मोठी कंपनी नव्हती. तिचा गल्ला रिन टिन टिन नावाच्या एका जर्मन शेफर्ड कुत्र्याच्या भरवशावर चालत होता, आणि लुबिच तिला हवा होता तो प्रतिष्ठेसाठी. त्याने वॉर्नरसाठी पाच सिनेमे केले: 'द मॅरेज सर्कल' आणि 'थ्री विमेन' (१९२४), 'किस मी अगेन' आणि 'लेडी विंडरमिअर्स फॅन' (१९२५), 'सो धिस इज पॅरिस' (१९२६). पाचांतले चार आज आहेत, मधला गेला. एकाच हातचे, त्याच काळातले, बऱ्याच अंशी त्याच माणसांनी घडवलेले चार सिनेमे समोर असल्यामुळे पाचव्यात काय असू शकेल याचा अदमास घेता येतो आणि त्या अदमासाची मर्यादाही कळते. लेखक हान्स क्रॅली, छायाचित्रकार चार्ल्स व्हॅन एंजर, नायक माँटी ब्लू, नायिका मारी प्रेव्हो हे सगळे लुबिचच्या रोजच्या गोतावळ्यातले. नवी होती ती वकिलाच्या सेक्रेटरीचं, ग्रिझेटचं, काम करणारी विशीतली क्लारा बो. दोनच वर्षांनी 'इट' या सिनेमाने ती अमेरिकाभर गाजणार होती.

गोष्ट व्हिक्टोरियन सार्दू आणि एमिल द नाजाक यांच्या 'दिव्होर्साँ' या १८८०च्या फार्सवरून घेतलेली. व्हिक्टोरियन हे सार्दूचं नाव, काळाचं विशेषण नव्हे. फ्रान्समध्ये १८१६पासून घटस्फोट बंद होता आणि तो पुन्हा सुरू करावा की नाही यावर १८८०त कडाक्याचा वाद चालू होता. कायदा झाला तो १८८४ मध्ये. म्हणजे नाटक आलं तेव्हा घटस्फोट ही मिळू शकेल पण अजून न मिळालेली वस्तू होती, आणि अशा वस्तूचं आकर्षण काय असतं हे सार्दूला पक्कं ठाऊक होतं. बायको नवऱ्याला कंटाळलेली, दुसऱ्या एका तरुणावर भाळलेली. कायदा मंजूर झाल्याची खोटी बातमी येते. नवरा थयथयाट करत नाही. तो म्हणतो, ठीक आहे, घे घटस्फोट, कर त्याच्याशी लग्न. त्या क्षणी पारडं फिरतं. प्रियकराच्या अंगावर होऊ घातलेल्या नवऱ्याची जबाबदारी पडते आणि तो कंटाळवाणा दिसू लागतो. नवरा मात्र आता परका झाल्यामुळे चोरून भेटण्याजोगा वाटू लागतो. लुबिचच्या सिनेमात बायको लुलू, नवरा गास्ताँ आणि मधला तरुण मॉरिस एक संगीतकार. या चार-सहा वाक्यांत गोष्ट संपली. ती वाचून कुणाला हसू आलं असेल असं मला वाटत नाही.

हसू कुठून येतं ते 'द मॅरेज सर्कल'मध्ये पाहता येतं. सिनेमा उघडतो तो मोज्याच्या भोकावर. सकाळची वेळ, प्राध्यापक मोजा चढवतोय, अंगठा बाहेर येतो. तो आपला कप्पा उघडतो, त्यात जेमतेम काही. बायकोचा कप्पा उघडतो, तो भरगच्च. संसाराचं काय झालंय हे एका शब्दाशिवाय कळलं. पुढे दुसरं एक जोडपं आहे, सुखी. त्यांच्या न्याहारीच्या वेळी कॅमेरा चेहऱ्यांकडे पाहतच नाही. पडद्यावर अंड्याचा पेला आणि कॉफीचा कप दिसतात, आणि दोन हात. एक हात अंडं फोडतो, दुसरा कॉफी ढवळतो. मग ढवळणं थांबतं, हात तिथून नाहीसे होतात आणि न्याहारी बाजूला सारली जाते. चुंबन आपण पाहिलेलं नसतं, तरी पाहिलेलं असतं. आता याच सिनेमाचा कथासार कुणी लिहायला घेतला तर त्यात अंड्याला जागा मिळेल? 'डॉक्टर आणि त्याची पत्नी सुखात असतात' एवढंच तिथे येईल. 'लेडी विंडरमिअर्स फॅन'मध्ये लुबिचने याहून धाडस केलं. ऑस्कर वाइल्डचं नाटक घेतलं आणि वाइल्डची सुप्रसिद्ध चटकदार वाक्यं जवळजवळ सगळी टाकून दिली. त्यांच्या जागी त्याने घोड्यांच्या शर्यतीचा एक प्रसंग उभा केला. तिथे घोडे सोडून सगळी प्रतिष्ठित मंडळी दुर्बिणी लावून बदनाम मिसेस अर्लिनकडे पाहतात. वाइल्डचं मूळ नाटक कितीही वेळा वाचलं तरी त्यातून ही दुर्बीण निघत नाही. मग सार्दूचं नाटक वाचून 'किस मी अगेन' निघेल अशी आशा का बाळगायची?

मराठी वाचकाला हा भेद रंगभूमीवरून लगेच पटेल, आणि त्यातली गोमही तिथेच सापडेल. देवलांच्या 'संशयकल्लोळ'मधला फाल्गुनराव पुस्तकात एक आणि रंगमंचावर एक. तसबिरीचा घोटाळा वाचताना ओळखीचा वाटतो, पण हशा पिकतो तो नटाच्या वळलेल्या मानेवर, अर्ध्यावर थांबलेल्या पावलावर. मात्र नाटकाची एक सोय असते. एक फाल्गुनराव गेला तर संहिता हातात असते, दुसरा नट उभा राहतो, प्रयोग पुन्हा होतो. सिनेमात संहिता आणि प्रयोग असे दोन वेगळे कप्पे नसतात. पटकथा हा बांधकामाचा नकाशा, तो घर बांधून झाल्यावर कुणी सांभाळत नाही. सिनेमा म्हणजे तो एकच प्रयोग, त्या दिवशी, त्या नटाने, त्या उजेडात केलेला, आणि तो एका ज्वालाग्राही पट्टीवर उमटलेला. पट्टी गेली की नाटकाच्या भाषेत बोलायचं तर संहिता आणि सगळे प्रयोग एकदमच जातात.

यावर सगळ्यात जड आक्षेप पुनर्निर्मितीचा. लुबिचने स्वतःच १९४१ साली 'दॅट अन्सर्टन फीलिंग' या नावाने ही गोष्ट पुन्हा केली; मर्ल ओबेरॉन बायको, मेल्व्हिन डग्लस नवरा, बर्जेस मेरेडिथ चक्रम पियानोवादक. तोच दिग्दर्शक, तीच गोष्ट, मग मूळ सिनेमा त्यातून का उमगू नये? याचं उत्तर तर्काने देण्याची गरज नाही, कारण लुबिचने असाच प्रयोग आणखी एकदा केला होता आणि त्याच्या दोन्ही बाजू आपल्याकडे आहेत. 'द मॅरेज सर्कल'ची गोष्ट त्याने १९३२ मध्ये 'वन अवर विथ यू' या संगीतपटात पुन्हा वापरली. त्यात मॉरिस शेव्हालिए गातो, यमकांत बोलतो, मध्येच प्रेक्षकांकडे वळून तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं असं विचारतो. सिनेमा झकास आहे. पण १९२४चा मूकपट हरवला असता आणि फक्त हा उरला असता, तर त्यावरून मोज्याचं भोक आणि अंड्याचा पेला कुणाच्या स्वप्नात तरी आला असता का? दोन्हींत कथा तीच, दिग्दर्शक तोच, आणि सिनेमे दोन. १९४१च्या बोलपटात तर नायिकेला भावनेच्या भरात उचक्या लागतात आणि ती मानसोपचारतज्ज्ञाकडे जाते. उचकी ही ऐकायची गोष्ट, ती मूकपटातून आलेली नाही हे सांगायला पुरावा नको. मधल्या काळात, १९३४पासून, हॉलिवूडची स्वयंनियंत्रणाची आचारसंहिता कडक झाली होती आणि विवाहबाह्य प्रेमाकडे १९२५च्या मोकळेपणाने पाहायची सोय उरली नव्हती. 'निनोच्का' (१९३९), 'द शॉप अराउंड द कॉर्नर' (१९४०) आणि 'टू बी ऑर नॉट टू बी' (१९४२) यांच्या मधोमध आलेला हा सिनेमा लुबिचच्या चाहत्यांनाही फिका वाटत आला आहे. सोनं कथेत असतं तर ते सोनारासकट तिथेच होतं.

दुसरा आक्षेप छायाचित्रांचा. हरवलेल्या सिनेमांची 'स्टिल्स' मिळतात, समीक्षणं मिळतात, त्यांतून सिनेमा उभा करता येतो. लॉन चेनीचा 'लंडन आफ्टर मिडनाइट' २००२ साली असाच छायाचित्रांवरून जुळवून दाखवला गेला. तो भयपट होता, आणि चेनीचे ते अणकुचीदार दात, ती उंच टोपी स्थिर चित्रातही अंगावर येतात. आपल्याकडेही याचं एक उदाहरण आहे. 'किस मी अगेन' आला त्याच वर्षी, १९२५ मध्ये, कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' केला. त्यात तरुण शेतकरी होते व्ही. शांताराम. तोही मूकपट आज नाही आणि तोही पुढे त्याच दिग्दर्शकाने, १९३६ मध्ये, बोलपट म्हणून पुन्हा केला. तरी अंधारात बुडालेली झोपडी आणि तिच्याजवळ विव्हळणारं कुत्रं हे त्यातलं दृश्य वर्णनातून पिढ्यानपिढ्या पोहोचलं. शोकाची प्रतिमा शब्दांतून वाहून नेता येते. विनोदाचं तसं नाही, कारण तो एका चित्रात नसतो, दोन चित्रांच्या मधल्या वेळात असतो. नवऱ्याने दार उघडलं आणि बायकोने मान वळवली यात किती क्षण गेले यावर सगळं अवलंबून. त्या क्षणांचं छायाचित्र निघत नाही. शिवाय त्या काळची स्टिल्स म्हणजे सिनेमातल्या चौकटी नव्हेत. प्रसंग चित्रित झाला की नटांना थांबवून, उभं करून, वेगळ्या कॅमेऱ्याने वेगळा फोटोग्राफर ती काढत असे, जाहिरातीसाठी. म्हणजे हरवलेल्या सिनेमाचा पुरावा म्हणून जो फोटो आपण निरखतो, त्यातला क्षण बहुधा सिनेमात कधी नव्हताच.

हा घोळ केवळ अभ्यासकांचा असता तर सोडून देता आला असता. पण कथा म्हणजेच सिनेमा, ही समजूत सिनेमा हरवण्याच्या कारणांत थेट येते. मूकपट नायट्रेट फिल्मवर असत. ती फिल्म साठवणुकीतच कुजते. आधी चिकट होते, मग फुगे येतात, शेवटी तपकिरी भुकटी उरते. पेटली तर स्वतःचा प्राणवायू स्वतः पुरवते, पाण्याखालीही जळते. १९३७च्या जुलैत न्यू जर्सीतल्या लिटल फेरी इथे फॉक्सचं गोदाम जळालं, त्यात त्या कंपनीचे बहुतेक मूकपट गेले. त्यामुळे कुणी म्हणेल, आग कथा पाहून लागत नाही, इथे समजुतीचा काय संबंध? संबंध असा की आग लागण्याआधी एकच प्रत उरू देण्याचा निर्णय माणसांचा असतो. हॅरॉल्ड लॉइडच्या घरच्या फिल्मच्या कोठारालाही १९४३ मध्ये आग लागली. तरी त्याचे गाजलेले मूकपट आज आहेत, कारण ते त्याच्या मालकीचे होते आणि त्याला ते हवे होते. चॅप्लिनचंही तेच. कंपन्यांना काय हवं होतं? बोलपट आल्यावर मूकपटाची प्रत म्हणजे भाडं खाणारी, विम्याचा हप्ता वाढवणारी अडगळ. फिल्म वितळवली तर निदान चांदी तरी निघे. पण कथेचे हक्क मात्र कपाटात जपून ठेवलेले, कारण त्यावर पुन्हा बोलपट काढता येतो. कंपन्यांनी सिनेमाची साल ठेवली आणि गर फेकला, आणि त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं की आपण उलट करतोय. यातली गंमत, तिला गंमत म्हणायचं तर, अशी की बोलपटाचं युग आणलं तेच मुळी वॉर्नर ब्रदर्सने. ६ ऑक्टोबर १९२७ रोजी त्यांचा 'द जॅझ सिंगर' झळकला आणि दोन वर्षांपूर्वीचा त्यांचा स्वतःचाच 'किस मी अगेन' जुन्या बाजारात जमा झाला.

नुकसानीचा आकार मोठा आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार १९१२ ते १९२९ या काळात तिथे सुमारे ११ हजार मूक कथापट निघाले. मूळ स्वरूपात पूर्ण उरले ते १४ टक्के. परदेशी आवृत्तीत किंवा हलक्या प्रतीत आणखी ११ टक्के. अपूर्ण असे ५. बाकी सुमारे ७० टक्के गेले. भारताची अवस्था याहून बिकट: १,३३८ मूकपटांपैकी २९च्या आसपास शिल्लक, तेही बरेचसे तुकड्यांत. त्यात बंगालीतला 'जमाईबाबू' (१९३१) हा छोटा विनोदी मूकपट वाचला हे नवलच.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. हरवलेलं सगळंच सुंदर दिसतं. ग्लोरिया स्वॉन्सन आणि रुडॉल्फ व्हॅलेंटिनो यांचा 'बियाँड द रॉक्स' (१९२२) कित्येक वर्षं दंतकथा होऊन राहिला होता. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये सापडला आणि पाहणाऱ्यांना कळलं की सिनेमा बेताचाच आहे. 'किस मी अगेन'ही तसाच निघू शकतो. त्या काळच्या समीक्षकांनी वाखाणला म्हणून तो श्रेष्ठ, असं मी म्हणणार नाही. समीक्षकांच्या शब्दावर विसंबायचं तर इतका वेळ केलेला युक्तिवादच कोसळतो. पण हा आक्षेप नीट पाहिला तर माझ्याच बाजूचा आहे. 'बियाँड द रॉक्स' बेताचा आहे हे तो सापडल्यावर कळलं. कथा आधीपासून ठाऊक होतीच. तिच्यावरून ना त्याचं मोठेपण ठरत होतं, ना सामान्यपण. आणि निकाल लागत नाही तोवर माणसांचे हिशेब चुकतात. मारी प्रेव्होचंच घ्या. १९३७च्या जानेवारीत, दारूने आणि उपासमारीने खंगून, हॉलिवूडमधल्या एका खोलीत ती मेली, आणि पुढे तिच्या मृत्यूभोवती एक किळसवाणी अफवा रचली गेली. ती अफवा आजही लोकांना सांगता येते. लुबिचने तिला प्रमुख भूमिका देऊन, सिनेमाचा भार तिच्यावर टाकून जो सिनेमा केला, तो कुणाला दाखवता येत नाही. क्लारा बोचं नशीब बरं. तिचा 'इट'ही एके काळी हरवलेला मानला जात होता, पण १९६०च्या दशकात त्याची नायट्रेट प्रत प्रागमध्ये मिळाली.

प्रागचं नाव अशा गोष्टींत वारंवार येतं, त्यालाही कारण आहे. सिनेमाची प्रत मोठ्या शहरांतून लहान गावांकडे, एका देशातून दुसऱ्या देशाकडे फिरत शेवटच्या थांब्यावर पोहोचे, तोवर ती इतकी झिजलेली असे की परत पाठवण्याचं भाडंही परवडत नसे. म्हणून कॅनडातल्या युकॉन प्रदेशातल्या डॉसन सिटीत १९७८ मध्ये जमिनीखालून पाचशेवर रिळं निघाली. २०१०च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये ७५ अमेरिकी सिनेमे मिळाले, त्यांत जॉन फोर्डचा 'अपस्ट्रीम'ही होता. कॉलीन मूरचा 'हर वाइल्ड ओट' (१९२७) हा प्रेमविनोदी मूकपट असाच प्रागच्या अभिलेखागारात चेक पाट्यांसह मिळाला आणि त्या पाट्या पुन्हा इंग्रजीत आणाव्या लागल्या. 'किस मी अगेन' कधी सापडलाच तर अशाच एखाद्या शेवटच्या थांब्यावर सापडेल. तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. त्या काळी परदेशासाठी वेगळी निगेटिव्ह बनवण्याची पद्धत होती. मुख्य कॅमेऱ्याला खेटून दुसरा कॅमेरा उभा असे, किंवा नापसंत ठरलेले टेक त्यासाठी वापरले जात. म्हणजे त्या प्रतीतली क्लारा बो १९२५च्या अमेरिकी प्रेक्षकाला दिसली तिच्यापेक्षा दोन-चार इंच बाजूने दिसेल, आणि कदाचित मान वळवायला तिला अर्धा क्षण जास्त लागलेला असेल.